दहावं गाणं

गणपतीच्या दिवसांत ‘यंदा डीजे कुठला लावलाय?’ असं कुणी विचारलं, तर त्याला माणसाचं नाव नको असतं. तो ट्रकवर चढवलेल्या स्पीकरांच्या भिंतीबद्दल विचारत असतो. जमैकात हाच शब्द माणसासाठी वापरतात. तिथं त्या भिंतीला ‘साउंड’ म्हणतात आणि तबकड्या निवडून लावणाऱ्याला ‘सिलेक्टर’. तबकडी फिरत असताना हातात माइक घेऊन तिच्या ठेक्यावर बोलणारा, गाणारा, गर्दीला हाका घालणारा, जागच्या जागी शब्द जुळवणारा, तो ‘डीजे’.

हा लेख अशाच एका डीजेबद्दल आहे. तिचं खरं नाव ऑफलिन रसेल, जग तिला सिस्टर नॅन्सी म्हणून ओळखतं. डान्सहॉल हे जमैकाच्या रेगे संगीतातून निघालेलं, साउंडच्या मैदानात वाढलेलं गाणं. तिथला माइक जवळपास पूर्णपणे पुरुषांच्या हातात होता, त्या काळात तिनं तो घेतला आणि खाली ठेवला नाही. १९८२ मध्ये, विशीत, तिचा पहिला अल्बम तयार होत होता. दहा गाणी हवी होती, नऊ झाली होती. दहावं तिनं स्टुडिओतच जुळवलं आणि एका जुन्या ठेक्यावर गाऊन टाकलं. छापखान्यात पान पुरं करायला जो मजकूर घालतात त्याला आपण भरतीचा मजकूर म्हणतो, तसं हे भरतीचं गाणं. त्याचं नाव ‘बॅम बॅम’.

पुढच्या चाळीस वर्षांत हे गाणं सिनेमांत वाजलं, जाहिरातींत वाजलं, अमेरिकेतल्या मोठमोठ्या रॅपरांनी त्याचे तुकडे आपल्या गाण्यांत बसवले. रेगेमधल्या सर्वांत जास्त उसन्या घेतल्या गेलेल्या गाण्यांत त्याची गणना होते. त्यातली तीसहून अधिक वर्षं गाणारीला त्याचा एक पैसाही मिळाला नव्हता.

मी ते पहिल्यांदा गोव्यात, समुद्रकाठच्या एका शॅकमध्ये ऐकलं. संध्याकाळ होती, टेबलावरचे ग्लास खालच्या पट्टीतल्या ठेक्यानं हलकेच थरथरत होते आणि एका बाईचा सरळ, न लाजणारा, किंचित खट्याळ आवाज त्या ठेक्यावर चालत होता. नंतर कितीतरी वर्षं मी ते गाणं गुणगुणत राहिलो. हा आवाज कुणाचा, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. ते विचारल्यावर जे कळत गेलं ते इथं मांडतो आहे.

*

नाव न विचारण्याची ही गोष्ट जमैकाच्या संगीतात फार जुनी आहे.

१९५० च्या दशकात किंग्स्टनमधल्या गरीब वस्त्यांतल्या माणसाला हॉटेलातला वाद्यवृंद परवडत नव्हता. त्याच्यासाठी साउंड सिस्टिम निघाल्या. कपाटाएवढे स्पीकर, घरी जोडलेले व्हॉल्व्हचे अँप्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि अमेरिकेहून आणलेल्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्या. मोकळ्या अंगणात किंवा मैदानात साउंड लावायचा, दाराशी तिकीट फाडायचं, आत खाणंपिणं विकायचं. क्लेमंट डॉड ऊर्फ कॉक्सन आणि ड्यूक रीड हे यातले बडे साउंडवाले. दुसऱ्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे असणं, यावर त्यांचा सगळा धंदा चाले. म्हणून ते तबकडीच्या मधल्या कागदावरचं गाण्याचं आणि गायकाचं नाव खरवडून काढत. विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची एक धून कॉक्सननं आपल्याच नावानं, ‘कॉक्सन हॉप’ म्हणून, वर्षानुवर्षं वाजवली. पुढं ड्यूक रीडनं तिचं खरं नाव शोधून काढलं आणि भर कार्यक्रमात ती लावली, तेव्हा कॉक्सनचा मोहरा गेला.

वाजवणारा मोठा आणि गाणारा बेनाव, ही रीत तिथून पडली.

डीजेही याच मैदानातून आला. दोन तबकड्यांमधल्या रिकाम्या जागेत काउंट मचुकी माइकवर चटपटीत बोलू लागला आणि लोक त्या बोलण्यासाठी येऊ लागले. साठच्या दशकाच्या अखेरीस आणखी एक गोष्ट घडली. ट्रेझर आइल स्टुडिओत रडी रेडवूड नावाच्या साउंडवाल्यासाठी एका गाजलेल्या गाण्याची प्रत कापताना तंत्रज्ञाकडून गायकाचा आवाज घालायचा राहून गेला. रेडवूडनं ती बिनआवाजाची तबकडी तशीच मैदानात लावली, तर गर्दीनंच गाणं उचललं. मग तबकडीच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला नुसता ठेका, अशी पद्धत रूढ झाली. त्या दुसऱ्या बाजूला ‘व्हर्जन’ म्हणू लागले. डीजेला मोकळं रान मिळालं. १९७० मध्ये यू-रॉय या डीजेनं जुन्या गाण्यांच्या ठेक्यांवर आपले बोल चढवून तबकड्या काढल्या आणि जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतली पहिली तीन स्थानं एकाच वेळी पटकावली. मैदानातलं बोलणं आता गाणं म्हणून विकलं जाऊ लागलं.

या ठेक्याला तिथं ‘रिडिम’ म्हणतात. मराठी माणसाला तो समजायला जड जाऊ नये, कारण आपल्याकडे ‘चाल’ आहे. एका चालीवर दहा जणी दहा ओव्या म्हणतात, एकाच चालीत वेगवेगळे अभंग बसतात आणि चाल कुणाची असा तंटा जात्यापाशी होत नाही. रिडिमचंही तसंच. एक चांगला रिडिम निघाला की वीस जण त्यावर वीस गाणी करतात आणि ऐकणारे त्यांची तुलना करत बसतात. गरिबांच्या संगीताची ही श्रीमंती आहे. पण जात्यावरच्या ओवीची तबकडी निघत नव्हती. तबकडी निघाली की हिशेब आला, आणि हिशेबाची वही ज्याच्या हातात तो मालक झाला.

*

ऑफलिन रसेलचा जन्म १९६२ चा, किंग्स्टनमधला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला जमैका ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. घरात पंधरा भावंडं. त्यातला एक भाऊ रॉबर्ट पुढं ब्रिगेडियर जेरी या नावानं मोठा डीजे झाला. ‘जाह लव्ह’ हा रास्ताफारी पंथाच्या ‘ट्वेल्व्ह ट्राइब्ज ऑफ इझ्राएल’ या शाखेचा साउंड होता आणि जेरी त्याचा प्रमुख आवाज. श्रद्धा, आफ्रिका, अन्याय, रोजचं जगणं यांवर तो तासन्‌तास बोल जुळवू शके. किंग्स्टनमधले डीजे आजही त्याचं नाव आदरानं घेतात.

भावाच्या मागोमाग नॅन्सी मैदानात गेली. किशोरवयात ती ‘चॅलिस’ नावाच्या साउंडवर अधूनमधून माइक घेऊ लागली, मग ‘जाह लव्ह’वर. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनं त्या मैदानात उभं राहणं म्हणजे काय, याची कल्पना करायला हवी. रात्रीचा कार्यक्रम, पहाटेपर्यंत चालणारा. एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला डीजेंची रांग. माइक एकच. एकाचे बोल फिके पडले की दुसरा तो हातातून घेतो. गर्दीला आवडलं तर लोक ओरडतात, भांड्यांवर, पत्र्यांवर ठोकतात, सिलेक्टर तबकडी मागे ओढून गाणं पहिल्यापासून लावतो. आवडलं नाही तर शांतता, आणि तिच्याइतकी मोठी शिक्षा तिथं दुसरी नाही. लिहून आणलेले कागद तिथं चालत नाहीत. जे काही आहे ते डोक्यात आणि जिभेवर असावं लागतं. बाई म्हणून सवलत मिळणार नाही, उलट ती दोन ओळींत अडखळेल याची वाट पाहणारे पुष्कळ असतात.

त्या मैदानात बायका नव्हत्या असं नाही. नाचायला, मिरवायला, साउंडची शोभा वाढवायला होत्या. गायिकाही होत्या. १९७८ च्या आरंभी अल्थिया आणि डॉना या दोन जमैकन मुलींचं, डीजेच्या ढंगातलं एक गाणं ब्रिटनच्या यादीत पहिल्या स्थानावर पोहोचलं होतं. पण रात्रीमागून रात्र साउंडवर उभं राहून, पुरुष डीजेंच्या रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबून, मग माइक राखून ठेवणं हे काम वेगळं. नॅन्सीनं ते केलं.

तिच्या घडणीत जनरल एको या डीजेचा उल्लेख करावा लागतो. एकोचा ‘स्टिरिओफॉनिक’ हा साउंड तेव्हा जोरात होता आणि चावट बोलांसाठी तो स्वतः प्रसिद्ध होता. या चावट परंपरेला जमैकात ‘स्लॅकनेस’ म्हणतात, आणि तिच्या समोर ‘कल्चर’, म्हणजे संस्कार-विचारांचे बोल. नॅन्सी भावाच्या वळणाची, कल्चरच्या बाजूची. तिला चावट न होताही मैदान जिंकता आलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या काळात बाईच्या शरीराबद्दल माइकवरून रोज बोललं जात होतं. तिनं बोलण्याचा विषयच बदलला. ती स्वतःच्या हुनराबद्दल, शाळेबद्दल, डोक्यावरच्या छपराबद्दल बोलू लागली.

१९८० हे वर्ष जमैकासाठी रक्ताळलेलं होतं. निवडणुकीच्या हिंसाचारात शेकडो माणसं मेली. नोव्हेंबरमध्ये जनरल एको आणि त्याचे दोन साथीदार किंग्स्टनमध्ये पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्याच वर्षी विन्स्टन रायली या निर्मात्यानं नॅन्सीला पहिली तबकडी करायला बोलावलं. गाण्याचं नाव ‘पापा डीन’. ती अठरा वर्षांची होती.

*

विन्स्टन रायलीचं जमैकन संगीतातलं स्थान मोठं. ‘द टेक्निक्स’ या गायकमंडळाच्या संस्थापकांतला तो एक. पुढं त्याच नावाचं त्याचं लेबल झालं. १९७१ मध्ये डेव्ह आणि अँसेल कॉलिन्स यांच्या नावानं त्यानं काढलेली ‘डबल बॅरल’ ही तबकडी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली होती. त्याच अँसेल कॉलिन्सच्या ऑर्गनभोवती १९७३ मध्ये रायलीनं आणखी एक धून ध्वनिमुद्रित केली. युद्धकैद्यांच्या छावणीवरच्या एका हॉलिवूडपटावरून तिचं नाव ठेवलं ‘स्टॅलॅग १७’. डान्सहॉलमध्ये या रिडिमनं जे आयुष्य काढलं तसं फार थोड्या रिडिमांना लाभलं. जनरल एकोनं त्यावर ‘आर्लीन’ केलं, १९८५ मध्ये टेनर सॉनं ‘रिंग द अलार्म’ केलं. त्याची ताकद साधेपणात आहे. बास हळू पावलं टाकत पुढं येतो, दोन पावलांमध्ये भरपूर जागा सोडतो आणि त्या जागेत बोलणाऱ्याला ऐसपैस वावरता येतं.

१९८२ चा अल्बम किंग्स्टनमधल्या मॅक्सफील्ड अॅव्हेन्यूवरच्या ‘चॅनल वन’ स्टुडिओत झाला. नाव ‘वन, टू’. त्यातलं त्याच नावाचं गाणं जमैकात गाजलं. दहावं गाणं उरलं होतं तेव्हा रायलीचा ‘स्टॅलॅग’ होताच. ध्रुपदासाठी तिनं हवेत असलेलाच एक शब्द उचलला. १९६६ मध्ये स्वातंत्र्यमहोत्सवाच्या पहिल्या गीतस्पर्धेत ‘द मेटल्स’नं ‘बॅम बॅम’ नावाच्याच गाण्यानं पहिला क्रमांक पटकावला होता आणि तो शब्द साऱ्या देशाच्या ओठांवर होता. बाकीचे बोल तिनं माइकसमोर उभं राहून जुळवले, मैदानात रोज रात्री जुळवत असे तसेच.

त्या बोलांत ती काय सांगते, ते माझ्या शब्दांत सांगतो. एक बाई माइक घेऊन उभी राहिली की लोक माना वळवून बघतात आणि ही कोण, कुठून आली असं विचारतात. ती त्यांना उत्तर देते. माझं येणं हे कुणाच्या मेहेरबानीचं नाही, जे माझ्यात आहे तेच मी घेऊन उभी आहे, आणि मला पाहून तुम्हाला एवढं नवल का वाटावं? आवाज चढत नाही. ती भांडत नाही, समजावतही नाही. घरच्या ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावं इतक्या सहज ती बोलते आणि मागचा बास तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. या गाण्याचं मोल मला त्या सहजपणात वाटतं. गाणं पाठ करून गायलं असतं तर तो आला नसता.

जमैकात तेव्हा ‘बॅम बॅम’कडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. आपण ते तिथं मंचावर म्हणतही नव्हतो, असं तिनं नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. तिची ओळख दुसऱ्या गाण्यांवर आणि मैदानातल्या हजेरीवर उभी होती. यलोमॅन हा त्या काळचा सम्राट. त्याच्या आणि पर्पलमॅनच्या बरोबरीनं तिचं नाव १९८३ च्या एका अल्बमच्या शीर्षकातच आलं. ‘रेगे सनस्प्लॅश’ हा १९७८ मध्ये माँटेगो बे इथं सुरू झालेला रेगेचा मोठा उत्सव. त्याच्या मंचावर उभी राहिलेली ती पहिली स्त्री डीजे, आणि जमैकाबाहेरच्या मंचांवर गेलेली पहिली जमैकन स्त्री डीजेही तीच. लेडी सॉ, पॅट्रा, स्पाइस ही तिच्यानंतरची नावं तिनं पाडलेल्या वाटेनं गेली.

*

१९९६ मध्ये नॅन्सी अमेरिकेत, न्यू जर्सीला राहायला गेली. तिथं तिनं एका बँकेत हिशेबनिसाची नोकरी धरली. आठवडाभर आकड्यांचं काम, सुट्टीच्या दिवशी कुठं बोलावणं आलं तर कार्यक्रम. स्थलांतर केलेल्या कितीतरी कलावंतांचं असंच होतं. पोट भरणारं काम आणि जीव रमवणारं काम यांचे वार वाटून घ्यावे लागतात.

अमेरिकेत आल्यावर तिला कळलं की ते दहावं गाणं तिच्या आधीच तिथं येऊन पोहोचलं आहे. १९९८ मध्ये ‘बेली’ हा चित्रपट आला, त्यात तिचा आवाज होता. त्याच वर्षी अमेरिकन गायिका लॉरिन हिलचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ हा अल्बम आला. त्यातल्या ‘लॉस्ट वन्स’ या गाण्यात ‘बॅम बॅम’ची छाया स्पष्ट ऐकू येते. तो अल्बम पुढं ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम ठरला.

अमेरिकन रॅपरांनी हे गाणं का उचललं, याचं मूळ पुन्हा किंग्स्टनच्या मैदानातच सापडतं. क्लाइव्ह कॅम्पबेल हा मुलगा १९६७ मध्ये किंग्स्टनहून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये गेला आणि कूल हर्क या नावानं ओळखला जाऊ लागला. मोठे स्पीकर, दोन तबकड्या आणि माइकवर बोलणारा, ही मांडणी त्यानं ब्राँक्समध्ये रुजवली. ११ ऑगस्ट १९७३ ला त्यानं आपल्या इमारतीत केलेला कार्यक्रम हिप-हॉपची सुरुवात मानला जातो. म्हणजे जुन्या तबकडीचा तुकडा घेऊन त्यावर आपले बोल चढवण्याची रॅपची सवय जमैकाच्या रिडिमची चुलत बहीण आहे. नॅन्सीचं गाणं त्यांच्या हाती परक्यासारखं गेलं नाही. ते नात्यातच गेलं.

फरक पैशाचा पडला. किंग्स्टनमध्ये एकानं दुसऱ्याचा रिडिम घेतला तर दोघेही त्याच गल्लीतले, दोघांचाही खिसा रिकामाच. न्यूयॉर्क-लंडनला जाहिरातीत किंवा सिनेमात गाणं वाजलं की परवान्याची रक्कम कुणाच्या तरी नावावर जमा होते. कुणाच्या, हे ठरवणारा कागद जमैकाच्या मैदानात कधीच लिहिला गेला नव्हता.

तो का लिहिला गेला नाही, हे समजून घ्यायला हवं. तिथला धंदा असा चाले: स्टुडिओचं भाडं, वादकांचा मेहनताना, तबकडी दाबण्याचा खर्च, दुकानं फिरून माल पोहोचवण्याची दगदग, सगळं निर्माता करी. म्हणून ध्वनिफीत त्याची. गाणाऱ्याच्या हातावर एकदाच काही रक्कम ठेवली की व्यवहार संपला. बहुतेक गाणारे तरुण, गरीब, आपला आवाज तबकडीवर येतोय याच आनंदात असत. कायदाही त्यांच्या मदतीला नव्हता. ब्रिटिशांच्या १९११ च्या कॉपीराइट कायद्यावर जमैकाचा कारभार १९९३ पर्यंत चालला. नवा कायदा झाला आणि १९९४ मध्ये देश कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील झाला, तोवर रेगेची बहुतेक अमर गाणी होऊन गेली होती. निर्मात्याची जोखीम खरी होती, हे मान्य करायला हवं. पण जोखीम एका रात्रीची आणि मालकी जन्मभराची, हा सौदा न्याय्य नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न नवीन नाही. गायकालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे, हा आग्रह लता मंगेशकरांनी साठच्या दशकात धरला आणि त्यावरून मोहम्मद रफींशी त्यांचा दुरावाही झाला. भारतातले गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा वाटा लिहून देऊन टाकू शकत नाहीत, अशी तरतूद कायद्यात व्हायला २०१२ उजाडलं. लताबाईंच्या मागे त्यांचं नाव आणि त्यांची जिद्द होती. मॅक्सफील्ड अॅव्हेन्यूवरच्या विशीतल्या मुलीच्या मागे काहीच नव्हतं.

*

२०१४ मध्ये एका बुटांच्या कंपनीच्या दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत नॅन्सीनं स्वतःचा आवाज ऐकला. तिला कुणी विचारलं नव्हतं, कळवलंही नव्हतं. बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब करणाऱ्या त्या बाईनं तेव्हा आपल्या हिशेबाला हात घातला. विन्स्टन रायली तोवर हयात नव्हता. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि जानेवारी २०१२ मध्ये तो गेला. जमैकाच्या संगीताला त्यानं फार दिलं होतं, त्याचा शेवट असा व्हायला नको होता.

वकिलामार्फत बोलणी झाली. शेवटी ‘वन, टू’ या अल्बमची निम्मी मालकी आणि मागच्या दहा वर्षांची रक्कम नॅन्सीच्या पदरी पडली. बत्तीस वर्षांपैकी दहा वर्षांची. उरलेल्या बावीस वर्षांचं काय, हा प्रश्न कायद्याच्या मुदतीत बसत नाही. तरीही या निम्म्याचं मोल मोठं आहे. ज्या संगीतात तबकडीवरची नावं खरवडण्यानं धंदा सुरू झाला, तिथल्या एका गाणारीचं नाव आता मालकीच्या कागदावर आहे.

त्यानंतर गाणं जिथं जिथं गेलं तिथं ती हक्कानं गेली. २०१६ मध्ये अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टच्या ‘फेमस’ या गाण्याच्या उत्तरार्धात तिचा आवाज अचानक उगवतो आणि सारा रंग पालटतो. २०१७ मध्ये रॅपर जे-झीनं रेगे गायक डेमियन मार्लीबरोबर ‘बॅम’ हे गाणं केलं. त्याच्या किंग्स्टनमध्ये झालेल्या चित्रीकरणात नॅन्सी स्वतः आहे. पस्तीस वर्षं तिचा आवाज तिच्याशिवाय जगभर हिंडला होता. या वेळी तो आणि ती एकाच चौकटीत, त्याच शहरात दिसतात. २०२४ मध्ये अॅलिसन ड्यूक या दिग्दर्शिकेनं तिच्या आयुष्यावर माहितीपट केला आणि त्याच्या शीर्षकात गाण्याच्या नावाबरोबर गाणारीचंही नाव ठेवलं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये युनेस्कोनं जमैकाच्या रेगे संगीताला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ‘मानवजातीचा वारसा’ म्हटलं की तो सगळ्यांचा होतो, आणि जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही असं समजायला आपल्याला फार वेळ लागत नाही. लोकसंगीत, लोककला असे शब्द वापरताना आपण त्यातला एकेक माणूस पुसतो. अमुक गाणं ‘पारंपरिक’ आहे असं छापून मोकळं होतो. प्रत्येक परंपरेत कधीतरी कुणीतरी माइकसमोर, जात्यासमोर किंवा डफाच्या कडेला उभं राहून ते पहिल्यांदा म्हटलेलं असतं.

नॅन्सीनंही उसनं घेतलं होतं, हे मी विसरलेलो नाही. ठेका अँसेल कॉलिन्सच्या ऑर्गनमधून निघालेला, ध्रुपद मेटल्सच्या गाण्यातून. ही देवघेव नसती तर डान्सहॉल जन्मलंच नसतं. वाटीभर साखर मागायला शेजारीण दारात येते तेव्हा कुणी लिहून ठेवत नाही, कारण उद्या आपणही तिच्या दारात जाणार असतो. पण तीच साखर नेऊन कुणी दुकान थाटलं, तर ती उसनवारी उरत नाही. नॅन्सीच्या कारकिर्दीनं मला हा फरक नीट दाखवला. शेजारधर्म टिकवायचा असेल तर दुकानदाराकडे हिशेब मागावाच लागतो. तिनं तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी मागितला.

आज साठी ओलांडलेली सिस्टर नॅन्सी मंचावर उभी राहते तेव्हा समोर तिच्या नातवंडांच्या वयाची मुलं असतात. ती त्या एका गाण्यासाठी आलेली असतात. माझंही तसंच झालं होतं. तिचं नाव कळल्यावर मी ‘वन, टू’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि मग उरलेल्या नऊ गाण्यांपाशी थांबलो. त्यात शाळेत जा असं सांगणारं ‘ग्वान अ स्कूल’ आहे, डोक्यावरच्या छपराचं ‘रूफ ओव्हर मी हेड’ आहे, आणि ‘ओन्ली वूमन डीजे विथ डिग्री’ असं खणखणीत नाव दिलेलं एक गाणं आहे. पदवी घेतलेली एकमेव बाई डीजे! कुठल्या विद्यापीठाची पदवी, तर रात्रभर चालणाऱ्या त्या मैदानाची, जिथं माइक एकच होता आणि फिका पडला की हातातून जायचा.

ही नऊ गाणी दहाव्याइतकी जगभर हिंडली नाहीत. कागदावर तीही आता निम्मी तिची आहेत. आणि दहावंही, निम्मं का होईना, त्यांच्यात परत आलं आहे.